होसूर रोडचे बिल कुणाच्या नावावर?

पुण्याहून यंत्रांचे सुटे भाग घेऊन निघालेला ट्रक कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर करत बेंगळुरूत शिरतो, शहराच्या अंगावरून जातो आणि अत्तिबेलेजवळ राज्याची हद्द ओलांडून होसूरला पोहोचतो. त्याच्यातला माल बेंगळुरूत उतरत नाही, विकला जात नाही, आणि त्यावरच्या करातले काही बेंगळुरूच्या पालिकेला मिळत नाही. रस्ता मात्र तिचा झिजतो. पुण्याकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग आणि होसूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग यांना जोडणारा मोफत दुवा म्हणजे शहराचा आउटर रिंग रोड. तो बनशंकरी, जे.पी. नगर, बी.टी.एम. असा जयनगरच्या दक्षिण अंगाने सिल्क बोर्ड चौकात येतो आणि तिथे होसूर रोडला मिळतो. त्या चौकाच्या पुढे हिशेब राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. अलीकडे तो जयनगर, बी.टी.एम. इथल्या घरमालकांच्या मालमत्ता कराचा.

या खर्चाबद्दल दोन मते सर्रास ऐकू येतात. एक म्हणजे, रस्ता ज्याच्या हद्दीत त्याने तो सांभाळावा. दुसरे म्हणजे, जो वापरतो त्याने टोल भरावा. पहिले मत कारकुनी आहे, दुसरे न्यायाचे वाटते, आणि दोन्ही उथळ आहेत. माझे म्हणणे असे की सीमापार व्यापाराचा भार वाहणाऱ्या शहरी रस्त्याचा खर्च एकसंध नसतो. त्याचे तीन भाग पडतात, प्रत्येक भागाचा देणेकरी वेगळा असतो, आणि त्यांतला सर्वांत मोठा देणेकरी केंद्र सरकार आहे. शहराकडे वसुलीची जी साधने होती ती एकेक करून गेली, आणि ट्रकवर किती वजन लादायचे हे केंद्रच ठरवते. भार ठरवणारा एक, त्यातून मिळवणारे अनेक आणि भरणारा तिसराच, ही व्यवस्था अन्याय्य तर आहेच, पण तिच्यामुळे रस्तेही वाईट राहतात.

१. रस्ता एक, खर्च तीन

पहिला खर्च बांधणीचा: जमीन, पूल, चौक, उड्डाणपूल. हा एकदा होतो, मोठा असतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. राजकारण याच्याभोवती फिरते, कारण कोनशिला याच खर्चाची बसते.

दुसरा खर्च झिजेचा. इथे सामान्य समजूत फार चुकीची आहे. आपल्याला वाटते की रस्ता वाहनांच्या संख्येने खराब होतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला आणि भारतीय रस्तेबांधणीच्या मानकांतही वापरला जाणारा ठोकताळा असा की रस्त्याचे नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट झाले तर नुकसान सोळापट. दीड टनाच्या मोटारीच्या एका एक्सलवर पाऊण टन येते असे धरा आणि त्याची तुलना साडेअकरा टनांच्या ट्रकच्या एक्सलशी करा. ट्रकचा एक एक्सल मोटारीच्या सुमारे ५५ हजार एक्सलांइतके काम करून जातो. जयनगरच्या रहिवाशाने आपली गाडी आयुष्यभर रोज रिंग रोडवर नेली तरी मालवाहतुकीच्या एका आठवड्याइतकी झीज त्याच्या हातून होणार नाही.

साडेअकरा टनांचा आकडा मी मनाने घेतलेला नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एका एक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. या निर्णयामागे तर्क होता. मालवाहतूक स्वस्त व्हावी, आणि तसेही बेकायदा ओव्हरलोड धावणारे ट्रक कायद्यात यावेत. मला तो तर्क अमान्य नाही. पण चौथ्या घाताचे गणित केले तर मर्यादेपर्यंत भरलेला प्रत्येक एक्सल पूर्वीपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त नुकसान करू लागतो. स्वस्ताईचा फायदा पुण्याच्या कारखानदाराला, होसूरच्या खरेदीदाराला आणि शेवटी देशभरच्या ग्राहकाला मिळाला. डांबराचा वाढलेला थर मात्र पालिकेने टाकायचा. निर्णय दिल्लीत झाला तेव्हा त्याच्यासोबत पालिकांना एक रुपयाही आला नाही.

तिसरा खर्च हिशेबाच्या वहीत कुठेच येत नाही. दिवसा जड वाहनांवर निर्बंध, म्हणून ती रात्री येतात, आणि रस्त्यालगतच्या घरांची झोप जाते. धूर आणि धूळ आहे, पायी रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जीव आहे, चौकात पोलीस उभे करण्याचा खर्च आहे. शिवाय शहरातल्या रस्त्याखाली नुसती माती नसते, पाण्याच्या नळवाहिन्या, सांडपाण्याची गटारे आणि केबल असतात. माळरानावरच्या महामार्गावर जड एक्सल फक्त रस्ता दाबतो. शहरात तो रस्त्यासकट त्याच्या पोटातले शहर दाबतो. नळ फुटला की रस्ता खणला जातो, खणलेला रस्ता पुन्हा लवकर खचतो. हे दुष्टचक्र कुठल्याही महामार्गाच्या अंदाजपत्रकात सापडत नाही.

हे तीन खर्च एकाच नावावर टाकले की चर्चा तिथेच फसते. बांधणीचा प्रश्न भांडवलाचा आहे, झिजेचा प्रश्न वजनाचा आहे आणि तिसरा प्रश्न शेजारधर्माचा आहे. तिन्हींना एकच उत्तर लागू पडत नाही.

२. पालिकेच्या हातून काय गेले

एके काळी शहराच्या वेशीवर शहराचा हात असे. जकात ही वाईट पद्धत होती, यात शंका नको. नाक्यावर मैलभर रांगा, चिरीमिरी, डिझेलची नासाडी. तिचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. शिवाय जकात शहरात खपणाऱ्या मालावर असे. नुसत्या पार जाणाऱ्या मालाला तिच्यातून सूट होती. तरी एक गोष्ट तिच्यामुळे साधत होती. व्यापार वाढला की शहराचे उत्पन्न आपोआप वाढे, आणि व्यापाराने झिजवलेला रस्ता त्याच उत्पन्नातून दुरुस्त होई.

कर्नाटकाने १९७९ मध्ये जकात रद्द केली आणि राज्याचा प्रवेश कर आणला. पालिकांना बदली अनुदान आले, पण त्याचा वाहतुकीशी धागा तुटलेला होता. मुंबईने जकात १ जुलै २०१७ पर्यंत राखली, आणि जीएसटी आला तेव्हा महाराष्ट्राने भरपाईचा स्वतंत्र कायदा करून बृहन्मुंबई महापालिकेला पहिला धनादेशच सुमारे ६४७ कोटींचा दिला. बेंगळुरूची जकात अडतीस वर्षे आधी गेली होती, त्यामुळे जीएसटीच्या वेळी तिच्याकडे दाखवायला तोटाच उरला नव्हता.

जीएसटी हा उपभोगाच्या ठिकाणचा कर आहे. पुण्यात बनलेला माल होसूरला विकला गेला तर राज्याचा हिस्सा तमिळनाडूला जातो. चेन्नई बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालावर तर कर शून्य असतो, आणि ते बरोबरच आहे, कारण कर निर्यात करायचे नसतात. बंदरातून येणाऱ्या मालावरचे सीमाशुल्क केंद्राकडे जाते. डिझेलवरचा विक्रीकर राज्याकडे, मोटार वाहन कर नोंदणीच्या राज्याकडे. देशभर फिरण्याच्या नॅशनल परमिटसाठी २०१० पासून ट्रकवाल्याकडून एकत्रित शुल्क घेतले जाते, सुरुवातीला वर्षाला १५ हजार रुपये होते, आणि ते एका ठिकाणी जमा करून राज्याराज्यांत वाटले जाते. या प्रत्येक ओढ्याचे पाणी कुठे ना कुठे पोहोचते. ज्या शहराच्या रस्त्यावरून ट्रक जातो, तिथे ते येत नाही.

कायद्याचा इतिहासही असाच सरकत गेला आहे. घटनेच्या ३०१व्या कलमाने देशभर व्यापार मुक्त ठेवला. मग राज्ये रस्त्यासाठी कर घेऊ शकतात का? १९६२ च्या राजस्थान ऑटोमोबाइल ट्रान्सपोर्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाट काढली की व्यापाराला जी सोय पुरवली, तिच्या भरपाईपुरता कर हा व्यापारावरचा अडथळा नव्हे. ही फार मोलाची कल्पना होती. सोय आणि कर यांचा संबंध तिने जोडला होता. २०१६ मध्ये जिंदाल स्टेनलेस खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने ‘भरपाई कर’ हे तत्त्वच बाजूला सारले. राज्यांना उलट मोकळीक मिळाली की भेदभाव नसेल तर कर लावा, भरपाई सिद्ध करायची गरज नाही. त्याच वर्षीच्या १०१व्या घटनादुरुस्तीने मात्र राज्यसूचीतला प्रवेश कराचा विषयच काढून टाकला. भरपाईचे तत्त्व न्यायालयात गेले आणि प्रवेश कराचा अधिकार संसदेत. जबाबदारी तेवढी जागेवर राहिली. बाराव्या अनुसूचीत ‘रस्ते आणि पूल’ हे आजही नगरपालिकेचे काम म्हणून लिहिलेले आहे.

३. टोल हे उत्तर का नाही

‘वापरणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व जिथे दुसरी वाट नसते तिथे चालते. खाडीवरचा पूल, घाटातला बोगदा. शहराच्या रस्त्याला शेकडो फाटे असतात. एका वाटेवर टोल बसवला की भार शेजारच्या मोफत वाटेवर सरकतो. बेंगळुरूने हे दोन ठिकाणी केले आहे. होसूर रोडवरचा इलेक्ट्रॉनिक सिटीचा सुमारे दहा किलोमीटरचा उन्नत मार्ग जानेवारी २०१० मध्ये टोल घेऊन सुरू झाला. तुमकूर रोड ते होसूर रोड हा नाइस या खासगी कंपनीचा ४१ किलोमीटरचा बाह्यमार्गही टोलचाच. नफ्यावर चालणारा ट्रक टोल आणि डिझेल यांची तुलना करतो, आणि मोफत रिंग रोड स्वस्त पडला की तिकडे वळतो. म्हणजे खासगी रस्त्यावरचा टोल सार्वजनिक रस्त्याची झीज वाढवतो. टोलमुळे वापरणारा भरतो असे नाही. टोल चुकवणारा वापरतो आणि पालिका भरते.

महाराष्ट्राला हे कोल्हापूरने आधीच शिकवले आहे. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते बीओटीवर करून वेशीवर टोलनाके बसवले, आणि एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली अख्खे शहर रस्त्यावर उतरले. त्या आंदोलनाला फुकटेपणाचा हट्ट म्हणून हिणवणारे बरेच होते. मला ते हिणवणे अन्यायाचे वाटते. शेतमाल घेऊन येणारा, रोज कामाला येणारा आणि लांबचा माल घेऊन जाणारा यांच्याकडून एकाच नाक्यावर पैसे घेणे, आणि त्यातून वर्षानुवर्षे कंपनीचा परतावा काढणे, यात खर्चाची वाटणीच नव्हती. शेवटी टोल रद्द करावा लागला आणि कंपनीची भरपाई सरकारने केली. जे आधी करायला हवे होते ते जास्त पैसे मोजून नंतर झाले.

परदेशातली दोन शहरे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. टेक्सासमधल्या लारेडो शहराने मेक्सिकोकडे जाणारे पूल स्वतःच्या मालकीचे ठेवले. फक्त मालवाहतुकीचा वर्ल्ड ट्रेड ब्रिज २००० मध्ये सुरू झाला, आणि त्याचा टोल शहराच्या तिजोरीत येतो. कॅनडातल्या विंडसरमध्ये अमेरिकेकडे जाणारा १९२९ चा अँबॅसॅडर पूल खासगी मालकीचा. पुलाकडे जाणारा ह्युरॉन चर्च रोड मात्र शहराचा, सिग्नलसकट. दोन देशांच्या व्यापाराचा मोठा हिस्सा अनेक दशके त्या एका नागरी रस्त्यावरून जात राहिला. तिथला प्रश्न सुटू लागला तो वरची सरकारे खिशात हात घालू लागली तेव्हाच. २०१५ मध्ये महामार्गाला जोडणारा नवा पार्कवे पुरा झाला आणि नव्या गॉर्डी हाउ पुलाचा सगळा खर्च कॅनडाने उचलला, टोलमधून परत घेण्याच्या बोलीवर. दारावर ज्याचा हात त्याला टोल मिळतो. बेंगळुरूच्या कुठल्याच दारावर बेंगळुरूचा हात नाही, म्हणून तिची अवस्था विंडसरची आहे आणि तिला सल्ले मिळतात लारेडोचे.

४. जयकरांनी दिलेले उत्तर

हा प्रश्न आज पहिल्यांदा पडलेला नाही. मोटारी वाढल्या तेव्हा, १९२७ मध्ये, मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले तेच बॅरिस्टर जयकर. १९२८ च्या अहवालात समितीचा निष्कर्ष नेमका होता. रस्त्यांचा विकास स्थानिक संस्था आणि प्रांतिक सरकारे यांच्या आवाक्याबाहेर चालला आहे, रस्त्यांचे महत्त्व राष्ट्रव्यापी होत आहे, तेव्हा त्याचा काही भार केंद्राच्या महसुलावर पडला पाहिजे. साधन म्हणून पेट्रोलवर जादा कर सुचवला गेला, आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी सुरू झाला.

जयकर समितीचे मोठेपण तिने निधी सुचवला यात नाही. तिने खर्चाचा आधार बदलला. रस्ता कुणाच्या हद्दीत आहे हे न विचारता त्यावरची वाहतूक कुठून कुठे जाते हे विचारले. शहरांचे दुर्दैव असे की हा विचार गावाबाहेरच्या रस्त्यांपुरता थांबला. १९४३ च्या नागपूर योजनेपासून देशाने रस्त्यांची जी प्रतवारी स्वीकारली, ती राष्ट्रीय मार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी आहे. व्यापाराचा भार वाहणारा शहरी रस्ता तिच्यात वेगळा वर्ग म्हणून नाही. २००० च्या केंद्रीय रस्ता निधी कायद्याने इंधनावरच्या अधिभाराची वाटणी राष्ट्रीय महामार्ग, राज्यांचे रस्ते, ग्रामीण रस्ते आणि रेल्वे फाटके यांच्यात केली. महानगरातल्या रिंग रोडचे खाते तिथेही नव्हते. शिवाय अधिभार असल्यामुळे हा पैसा राज्यांबरोबर वाटून घेण्याच्या कराच्या साठ्यात येत नाही. शहरातला दुचाकीवाला तो दर लिटरला भरतो, आणि त्याच्या रस्त्याचे नाव यादीत नसते.

५. बंदराला जे मिळाले

केंद्राला हे तत्त्व कळत नाही असे नाही. न्हावा-शेव्याचे बंदर मे १९८९ मध्ये सुरू झाले आणि आज वर्षाला ७० लाखांहून अधिक कंटेनर एकके हाताळते. पनवेल-उरण भागातल्या रस्त्यांवर त्याचा भार आला तेव्हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, बंदर आणि सिडको यांनी मिळून स्वतंत्र रस्ता कंपनी काढली. रस्ता बांधणारा, व्यापारातून मिळवणारा आणि शहर वसवणारा असे तिघेही एका ताळेबंदात आले. उरणकरांच्या तक्रारी त्याने संपल्या नाहीत, पण बिल कुणाकडे पाठवायचे हे ठरले.

बेंगळुरूचे कंटेनर ज्या बंदराकडे जातात त्या चेन्नईतही हेच दिसते. एन्नोर-मनाली रस्त्यासाठी दोन्ही बंदरे, महामार्ग प्राधिकरण आणि तमिळनाडू सरकार यांनी भांडवल घातले. बंदर ते मदुरवायल या उन्नत मार्गाची गोष्ट अधिक बोलकी आहे. २००९ मध्ये कोनशिला बसली, २०१२ मध्ये काम थांबले आणि कूवम नदीत खांब दहा वर्षे तसेच उभे राहिले. मे २०२२ मध्ये बंदर, राज्य सरकार, नौदल आणि महामार्ग प्राधिकरण या चौघांनी करारावर सह्या केल्या, तेव्हा काम पुन्हा मार्गी लागले. वाटणी ठरेपर्यंत रस्ता होत नाही, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नसेल.

आता विचार करा. कंटेनरच्या वाटेच्या चेन्नईकडच्या टोकाला चार जण पैसे आणि जबाबदारी घेऊन बसले. तोच कंटेनर जिथून निघाला त्या टोकाला फक्त पालिका बसली आहे. वास्तविक बेंगळुरू स्वतःच बंदर आहे. देशातला पहिला अंतर्गत कंटेनर डेपो १९८१ मध्ये बेंगळुरूतच निघाला, आणि आज तो व्हाइटफील्डला आहे. तिथे सीमाशुल्काचे सोपस्कार होतात आणि देशाची वेस कागदोपत्री तिथेच ओलांडली जाते. समुद्राकाठच्या बंदराच्या रस्त्याला जो न्याय, तो कोरड्या बंदराच्या रस्त्याला का नसावा?

६. आक्षेप

पहिला आक्षेप वजनदार आहे. बेंगळुरू श्रीमंत शहर आहे, देशाच्या व्यापाराने तेच सर्वांत जास्त वाढले, मग त्याने थोडा भार उचलला तर काय बिघडले? हे अर्धे खरे आहे. शहरातल्या कारखान्यांसाठी, दुकानांसाठी जो माल येतो-जातो त्याचा खर्च शहराने आणि कर्नाटकाने उचललाच पाहिजे, आणि पार जाणाऱ्या वाहतुकीच्या नावाखाली तो लपवता येणार नाही. पण शहर श्रीमंत असणे आणि पालिका श्रीमंत असणे यांत फार अंतर आहे. शहरात तयार होणारा प्राप्तिकर, कंपनी कर, जीएसटी हा सगळा वर जातो. पालिकेकडे मुख्यतः मालमत्ता कर उरतो. केंद्रीय करांतला कर्नाटकाचा हिस्सा पंधराव्या वित्त आयोगाने ४.७१ टक्क्यांवरून ३.६५ टक्क्यांवर आणला. तो निर्णय गरीब राज्यांच्या गरजेपोटी होता, आणि मी त्याला मुळात विरोध करत नाही. पण ज्याच्याकडून घेतले आहे त्याच्याकडेच पुन्हा देशाच्या रस्त्याचे बिल पाठवू नये, एवढे तरी मान्य व्हावे. जिथे लाभार्थी ओळखता आला तिथे बेंगळुरूने त्याच्याकडून पैसे घेतलेही आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आर.व्ही. रोड ते बोम्मसंद्र अशी मेट्रोची यलो लाइन सुरू झाली, तिच्यावरच्या कोनप्पन अग्रहार आणि हेब्बगोडी या स्थानकांना इन्फोसिस फाउंडेशन आणि बायोकॉन यांनी पैसे दिले. मालवाहतुकीचा लाभार्थी एका इमारतीत बसत नाही, देशभर पसरलेला असतो. पसरलेल्या लाभार्थ्यांच्या वतीने पैसे देण्यासाठीच केंद्र सरकार असते.

दुसरा आक्षेप बायपासचा. ट्रक शहराबाहेरून काढा, म्हणजे प्रश्नच मिटला. आउटर रिंग रोड हाच बायपास म्हणून आखला होता. शहर त्याला ओलांडून गेले. मग पेरिफेरल रिंग रोडची अधिसूचना २००७ मध्ये निघाली, आणि जमिनी अडकवलेले शेतकरी त्यानंतर जवळजवळ दोन दशके ताटकळले. बायपास दर पिढीला शहर गिळते, आणि याचा दोष ट्रकचा नाही, शहराचा आहे. जड वाहतुकीच्या रस्त्याला थेट फाटक काढून मॉल, शाळा, वसाहती यांना परवानगी देणारी यंत्रणा आपलीच असते. म्हणून भरपाई मागणाऱ्या पालिकेने एक अट स्वीकारावी लागेल, की ज्या रस्त्यासाठी केंद्राचे पैसे घेतले त्यावर नवे थेट प्रवेश देता येणार नाहीत. ही अट नसेल तर माझा सगळा युक्तिवाद कोलमडतो.

तिसरा आक्षेप असा की केंद्राचा पैसा म्हणजे शेवटी आपलाच पैसा, मग फरक काय? फरक वाटणीचा आहे. वाड्याच्या सामाईक जिन्याची दुरुस्ती सगळ्या बिऱ्हाडांनी करायची असते, जिना ज्याच्या दारातून सुरू होतो त्या एकट्याने नाही. केंद्राने भरले तर पुण्याचा कारखानदार, होसूरचा खरेदीदार आणि हैदराबादचा ग्राहक आपापला वाटा देतात. पालिकेने भरले तर जयनगरच्या निवृत्त शिक्षकाची घरपट्टी त्या सगळ्यांना अनुदान देते.

चौथा आक्षेप मोजणीचा. कोणता ट्रक पार जाणारा, कोणता शहराचा, हे कसे ओळखणार? दहा वर्षांपूर्वी हा आक्षेप खरा होता. एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजार रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागते. त्यात माल कुठून निघाला, कुठे जाणार आणि कोणत्या वाहनातून, हे लिहिलेले असते. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि दोन्ही यंत्रणा जोडल्या गेल्या. माल कुठून कुठे गेला याची इतकी बारीक नोंद या देशात पूर्वी कधीच नव्हती. ती करचुकवेगिरी पकडायला वापरता येते, तर वाटणी ठरवायलाही वापरता येईल.

महामार्गाचा दर्जा दिला की सगळे सुटते, असेही काही म्हणतात. ते पुरेसे नाही. तुमकूर रोडवरचा पीण्या भागातला उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्गाचाच होता. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या केबलमध्ये दोष सापडला आणि जड वाहनांना तो जुलै २०२४ अखेरपर्यंत बंद राहिला. अडीच वर्षे पुण्याकडचे सगळे ट्रक खालच्या रस्त्याने, वस्तीतून गेले. कागदावरचा दर्जा किती हलका असतो हे तर २०१७ मध्येच दिसले. महामार्गालगतच्या दारूबंदीचा न्यायालयीन आदेश आल्यावर महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शहरातले महामार्ग घाईने पालिकांकडे वर्ग केले. दारूची दुकाने वाचवायला रस्त्याचा मालक बदलता येतो, तर रस्ता वाचवायला खर्चाची वाटणी नक्कीच बदलता येईल.

७. मग कुणी किती

दोन राष्ट्रीय महामार्गांना, किंवा महामार्गाला आणि बंदराला वा कंटेनर डेपोला जोडणाऱ्या शहरी रस्त्यांची वेगळी यादी केंद्राने जाहीर करावी. यादी लहान असावी. प्रत्येक शहराने हात पुढे करू नये, म्हणून पार जाणाऱ्या जड वाहतुकीचा एक किमान वाटा ठरवावा, आणि त्याखालच्या रस्त्यांना यात जागा नसावी.

अशा रस्त्याच्या बांधणीचा खर्च तीन वर्षांच्या मोजणीवरून वाटावा: पार जाणाऱ्या वाहतुकीचा वाटा इंधन अधिभाराच्या केंद्रीय निधीने, राज्यांतर्गत वाहतुकीचा वाटा राज्याने, शहराचा वाटा पालिकेने. झिजेचा खर्च वाहनांच्या संख्येवर नको, एक्सलच्या वजनावर हवा. केंद्राने भार वाढवला की त्याचे देणे त्याच वर्षी आपोआप वाढले पाहिजे. त्यामुळे पुढच्या वेळी मर्यादा वाढवताना दिल्लीत कुणीतरी डांबराचा हिशेब मागेल. आज तो मागण्याचे कुणालाच कारण नाही. तिसऱ्या खर्चासाठी, म्हणजे आवाज रोखणाऱ्या भिंती, पादचारी पूल, ट्रकतळ आणि चालकांच्या विश्रांतीच्या जागा यांसाठी, नॅशनल परमिटच्या शुल्कातला ठरावीक हिस्सा थेट पालिकेच्या खात्यात जावा. राज्यामार्फत नको. अनुदानाचा धागा एकदा १९७९ मध्ये तुटलेला आहे.

सप्टेंबर २०२५ पासून बेंगळुरूत एका पालिकेऐवजी पाच पालिका आहेत. रिंग रोड त्यांच्यातल्या एकीच्या हद्दीत मावत नाही. हद्दीवरून खर्च ठरवण्याची पद्धत तशीच राहिली तर एकाच रस्त्याचे तुकडे आता शहराच्या आतही वाटले जातील, आणि प्रत्येक पालिका आपल्या तुकड्यापुरते खड्डे बुजवेल.

सर्वांत मोठी निकड मात्र बेंगळुरूबाहेरच्या होस्कोटेची आहे. सॅटेलाइट टाउन रिंग रोड तिथून जातो, आणि चेन्नईकडचा नवा द्रुतगती मार्ग तिथूनच सुरू होतो. ज्या ट्रकांनी आजवर बेंगळुरूचा रिंग रोड झिजवला त्यांतले पुष्कळ आता त्या गावाच्या कडेने वळतील. गोदामे तिथे येतील, मागोमाग वस्ती येईल, आणि दोन महामार्गांना जोडणारे गावातले रस्ते नगरपालिकेचे म्हणून तिच्याच अंगावर पडतील. बेंगळुरूकडे निदान मोठा मालमत्ता कर होता. होस्कोटेकडे तेवढाही नाही. केंद्र, कर्नाटक, तमिळनाडू आणि ही छोटी नगरपालिका यांनी चेन्नईसारखा चौघांचा करार करायचा असेल, तर तो गोदामांचे परवाने निघण्याआधी करावा लागेल. थेट प्रवेश न देण्याची अट तिथे अजून पाळता येण्यासारखी आहे.